झोपलेला बुद्ध नव्हे : अजिंठ्याच्या सव्विसाव्या लेण्यातील महापरिनिर्वाणशिल्प

बुलढाणा जिल्ह्यातील अनेक विहारांत आणि उपासकांच्या घरांत तथागतांचे एक चित्र हमखास आढळते. उशीवर टेकलेले शांत मुख, मिटलेले नेत्र, गालाखाली उजवा हात. हे चित्र अजिंठ्याचे आहे हे बहुतेकांना ठाऊक असते. परंतु त्याखाली छापलेली ओळ पुष्कळदा ‘निद्रिस्त बुद्ध’ अशी असते आणि लेणी दाखविणारे वाटाडेही सर्रास ‘झोपलेला बुद्ध’ असाच उल्लेख करतात. एका खेड्यातील विहारात हे चित्र लावावे की नाही यावर झालेली चर्चा प्रस्तुत लेखकाने ऐकली आहे. एका वयस्क उपासकाचे म्हणणे असे की, झोपलेल्या गुरूचे चित्र विहारात शोभत नाही, ध्यानस्थ मूर्तीच असावी. दुसऱ्याने सांगितले की हे झोपेचे नव्हे, मृत्यूचे चित्र आहे. तेव्हा तिसऱ्याने, मग तर ते मुळीच नको, असा निर्णय देऊन टाकला. तिघांपैकी कोणीही चित्राच्या चौकटीबाहेर काय होते हे विचारले नाही. त्यांचा त्यात काही दोष नाही. छापणाऱ्याने मूळ शिल्पाचा अर्ध्याहून अधिक भाग कापून टाकला होता, आणि त्या शिल्पाचा अर्थ नेमका त्या कापलेल्या भागात आहे.

अजिंठा आपल्याला परका नाही. बुलढाणा शहर ज्या डोंगररांगेवर वसले आहे तिचेच नाव अजिंठ्याची रांग. ज्या वाकाटकांच्या काळात ही उत्तरकालीन लेणी कोरली गेली त्यांच्या एका शाखेची राजधानी वत्सगुल्म, म्हणजे आपल्या शेजारचे वाशीम. लेण्यांखालून वाहणारी वाघूर आणि जिल्ह्याच्या उत्तर भागातून वाहणारी पूर्णा या दोन्ही नद्या अखेरीस तापीलाच मिळतात. म्हणून बुलढाण्याच्या वाचकाने या शिल्पाकडे पर्यटकाच्या नव्हे, तर घरच्या माणसाच्या नजरेने पाहावे, एवढीच अपेक्षा आहे.

सव्विसावे लेणे हे चैत्यगृह आहे. ते बुद्धभद्र नावाच्या भिक्खूने कोरविले. त्याचा संस्कृत शिलालेख लेण्याच्या दर्शनी भागात आहे. अश्मक राजाचा अमात्य भव्विराज हा बुद्धभद्राचा स्नेही होता. त्याच्या स्मरणार्थ आणि मातापित्यांच्या पुण्यार्थ हे दान असल्याचे लेखात म्हटले आहे. प्रत्यक्ष कामावर देखरेख ठेवणाऱ्या धर्मदत्त आणि भद्रबंधू या दोघांची नावेही त्यात आहेत. छिन्नी चालविणाऱ्यांची नावे मात्र नाहीत. वॉल्टर स्पिंक यांनी अजिंठ्याच्या उत्तरकालीन लेण्यांचा काळ इ.स. ४६० ते ४८० या वीस वर्षांत बसविला. तो सर्वांना मान्य नसला, तरी पाचव्या शतकाचा उत्तरार्ध याविषयी आज फारसे दुमत उरलेले नाही. पर्वतात कोरलेले स्मारक चंद्रसूर्य असेपर्यंत टिकते, म्हणून शहाण्याने असे स्मारक उभारावे, असा विचार बुद्धभद्राच्या लेखात आला आहे. सर्व संस्कार अनित्य आहेत असे शिकविणाऱ्या शास्त्याच्या भिक्खूने अशी इच्छा धरावी यात थोडी विसंगती दिसते खरी. परंतु तिच्यामुळेच आपल्याला हे शिल्प लाभले, तेव्हा तक्रार करण्यात अर्थ नाही.

आत शिरून प्रदक्षिणेच्या रीतीने डावीकडून चालू लागले की लगेच भिंतीवर हे शिल्प दिसते. लांबी सात मीटरांहून अधिक. तथागत मंचकावर उजव्या कुशीवर पहुडले आहेत. ग्रंथात जिला सिंहशय्या म्हटले आहे तीच ही अवस्था. उजवा हात गालाखाली, डावा हात देहाच्या रेषेत मांडीवर सरळ ठेवलेला. चीवर इतके पातळ की देहाचा आकार त्यातून स्पष्ट जाणवावा. डोक्याशी आणि पायांशी शालवृक्ष. वरच्या पट्ट्यात आकाशातून वाद्ये वाजवीत येणारे देवगण. आणि मंचकाच्या खाली, तथागतांच्या तुलनेत अगदी लहान आकाराची, दाटीवाटीने बसलेली माणसे : भिक्खू, उपासक, उपासिका. कोणाची मान खाली गेली आहे, कोणी हातावर मस्तक टेकले आहे, काहींची पाठ आपल्याकडे आहे. या रांगेतील एका शोकमग्न आकृतीत अनेक अभ्यासकांनी आनंदाला ओळखले आहे. दिनदर्शिकेवर जी छापली जात नाही ती हीच रांग.

याच भिंतीवर आणखी पुढे गेल्यावर मारविजयाचे शिल्प लागते. म्हणजे प्रदक्षिणा करणाऱ्याला आधी परिनिर्वाण दिसते आणि मग बोधीची रात्र. जीवनक्रमाच्या हे उलट आहे. त्यानंतर तो स्तूपाला वळसा घालतो, आणि त्या स्तूपाच्या दर्शनी भागावर पाय खाली सोडून बसलेले तथागत कोरलेले आहेत. ही योजना मुद्दाम केलेली होती की उपलब्ध भिंतीप्रमाणे घडत गेली, हा वाद तज्ज्ञांसाठी सोडून देऊ.

या दृश्यामागील प्रसंग महापरिनिब्बान सुत्तात सविस्तर आला आहे. ऐंशी वर्षांचे तथागत पावा येथे चुंद या लोहारपुत्राच्या घरी भोजन घेतात आणि तेथून त्यांची प्रकृती अधिकच ढासळते. कुसिनारेच्या वाटेवर त्यांना पहिली चिंता वाटते ती स्वतःची नव्हे, तर चुंदाची. आपण दिलेल्या अन्नाने भगवंतांचा अंत झाला अशी टोचणी त्याला लागू नये, लोकांनी त्याला बोल लावू नये, म्हणून ते आनंदाला सांगून ठेवतात की, बोधीपूर्वीचे भोजन आणि हे अखेरचे भोजन ही दोन्ही सारख्याच मोलाची दाने होत. मल्लांच्या शालवनात दोन शालवृक्षांमध्ये मंचक मांडला जातो. अवेळी फुले उमलून अंगावर पडतात, तेव्हाही ते म्हणतात की ही खरी पूजा नव्हे, धम्माप्रमाणे वागणे ही खरी पूजा. सुभद्द नावाच्या परिव्राजकाला आनंद दारातून परतवीत असता ते त्याला जवळ बोलावून घेतात. तो त्यांचा शेवटचा शिष्य. मग ते भिक्खूंना अखेरची शंका विचारण्याची संधी देतात. कोणीही बोलत नाही. सर्व संस्कार व्ययधर्मी आहेत, अप्रमादाने आपले कार्य साधा, या आशयाचे शेवटचे शब्द उच्चारले जातात आणि पुढे फक्त मौन उरते.

अजिंठ्याच्या शिल्पकाराने या लांब कथेतून कोणता क्षण निवडला? बोलणे संपल्यानंतरचा. उपदेशाची मुद्रा नाही, उंचावलेला हात नाही, ओठांवर शब्द नाही. ही निवड किती अर्थपूर्ण आहे हे दुसऱ्या एका तत्त्वज्ञाच्या मृत्यूचे चित्र शेजारी ठेवल्याशिवाय ध्यानात येत नाही.

ते चित्र सॉक्रेटिसच्या मृत्यूचे. इ.स.पू. ३९९ मध्ये अथेन्सच्या न्यायसभेने तरुणांना बिघडविल्याच्या आणि नगराच्या देवांना न मानल्याच्या आरोपावरून त्याला देहान्ताची शिक्षा दिली आणि त्याने तुरुंगात हेमलॉक या विषारी वनस्पतीचा पेला प्राशन केला. त्या दिवसाचे वर्णन प्लेटोच्या ‘फीडो’ या संवादात आहे. फ्रान्समधील चित्रकार झाक-लुई दाविद याने १७८७ साली, म्हणजे फ्रेंच राज्यक्रांतीच्या दोनच वर्षे आधी, त्यावर जे मोठे तैलचित्र काढले ते आज न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात आहे. युरोपातील कलापीठांत त्या काळी इतिहासचित्राला सर्वांत वरचा दर्जा होता. थोर पुरुषाच्या जीवनातील निर्णायक क्षण निवडावा, त्यातून नीतीचा धडा द्यावा, प्रत्येक आकृतीचा आधी रेखांकनाने अभ्यास करावा, अशी ती शिस्त. दाविदनेही या चित्रासाठी आधी रेखाटने केली होती.

दाविदचा सॉक्रेटिस सत्तर वर्षांचा असूनही त्याचा उघडा देह पैलवानाचा आहे. तो पलंगावर ताठ बसला आहे. एक हात विषाच्या पेल्याकडे जात आहे, पण तिकडे त्याचे लक्षही नाही, कारण दुसऱ्या हाताचे बोट वर करून तो अजून बोलतो आहे. पायाशी सुटलेल्या बेड्या पडल्या आहेत. पेला देणारा माणूस तोंड फिरवून डोळे झाकून घेतो. क्रिटोने गुरूची मांडी घट्ट धरली आहे. पलंगाच्या पायथ्याशी वृद्ध प्लेटो खाली मान घालून बसला आहे. वास्तविक प्लेटो त्या वेळी तिशीच्या आतला होता आणि आजारी असल्यामुळे तेथे हजरही नव्हता, असे ‘फीडो’मध्येच नमूद आहे. दूर जिन्यावरून सॉक्रेटिसची बायकामाणसे निघून जाताना दिसतात.

ते वर केलेले बोट या चित्राचा कणा होय. ‘फीडो’चा विषयच मुळी आत्म्याचे अमरत्व हा आहे. देह हे बंधन, आत्मा त्यातून सुटून वर जाणार, म्हणून तत्त्वज्ञाने मरणाला भिऊ नये, असा तो युक्तिवाद. चित्रकाराने तोच एका बोटात आणि सुटलेल्या बेड्यांत आणला. ज्याचा सिद्धान्त आत्म्याच्या अमरत्वाचा, त्याच्या मृत्यूच्या चित्रात वर दाखविणारे बोट असणार हे उघड आहे.

अजिंठ्यात बोट दाखवायचे कशाकडे? अनात्मवादी शास्त्याला वर पाठविण्यासाठी आत्मा नाही. परमपूज्य बाबासाहेबांनी ‘बुद्ध आणि त्याचा धम्म’ या ग्रंथाच्या प्रास्ताविकात आत्मा, कर्म आणि पुनर्जन्म यांचा प्रश्न ठळकपणे उपस्थित केला, तो याच कारणाने की आत्म्याचा नकार हा बौद्ध विचाराचा कणा आहे. म्हणून सव्विसाव्या लेण्यातील दोन्ही हात स्वस्थ आहेत. एक गालाखाली, एक मांडीवर. त्यांना काही सिद्ध करावयाचे नाही. जे सांगायचे ते पंचेचाळीस वर्षे सांगून झाले आहे.

येथे एक आक्षेप येईल, आणि तो रास्त आहे. वर देवगण वाद्ये वाजवीत आहेत, त्यांचे काय? विज्ञाननिष्ठ बौद्ध म्हणून आपण त्यांच्याकडे कसे पाहावे? ते नाहीतच अशी डोळेझाक करण्याची गरज नाही. पाचव्या शतकातील दात्याच्या आणि शिल्पकाराच्या कल्पनाविश्वात देव होते. सुत्तातही देव आहेत. परंतु तेथे त्यांचीही दोन गटांत विभागणी आहे : राग न सुटलेले देव केस मोकळे सोडून रडतात आणि वीतराग देव अनित्यता समजून घेतात. म्हणजे कथाकाराने देवांनाही माणसांच्याच कसोटीला लावले आहे. शिल्पात ते वर आहेत, लहान आहेत, उत्सवात आहेत. आपल्या डोळ्यांसमोर येतात ती मात्र रडणारी माणसे. प्रदक्षिणा करणारा भिक्खू किंवा व्यापारी ज्यांच्या शेजारून चालत असे तो हा मनुष्यसमुदाय होय, देवसभा नव्हे.

दोन्ही चित्रांतील खरा फरक या रडणाऱ्यांच्या बाबतीत आहे. ‘फीडो’मध्ये मित्र रडू लागतात तेव्हा सॉक्रेटिस त्यांना दटावतो. असे काही होऊ नये म्हणूनच आपण बायकांना पाठवून दिले होते, असे तो म्हणतो. मित्र लाजतात आणि अश्रू आवरतात. सॉक्रेटिस निष्ठुर होता असे यातून सुचवायचे नाही. विषाची वेळ झाली हे सांगायला आलेला तुरुंगाधिकारी रडतो, तेव्हा त्याच्या भलेपणाची तो स्तुतीच करतो. पण तत्त्वज्ञाच्या मृत्युशय्येजवळ शोक हा दोष ठरतो, ही तेथील धारणा आहे.

कुसिनारेत काय घडले? आनंद दाराच्या चौकटीला टेकून रडत होता. मी अजून शिकतो आहे आणि ज्यांची माझ्यावर अनुकंपा होती ते माझे शास्ते चालले, असे त्याचे दुःख. तथागतांनी विचारले, आनंद कुठे आहे? त्याला बोलावून घेतले. प्रिय वस्तूंचा वियोग अटळ आहे हे त्याला पुन्हा समजावले, पण त्याच्या रडण्याबद्दल त्याला लाजविले नाही. उलट सर्व भिक्खूंसमक्ष त्याने दीर्घकाळ मायेने केलेल्या सेवेचे आणि त्याच्या गुणांचे कौतुक केले. बाबासाहेबांनी आपल्या ग्रंथात या प्रसंगाला स्वतंत्र जागा दिली. आनंदाचा शोक, मल्लांचा विलाप आणि त्याच वेळी बरे झाले, सुटलो म्हणणाऱ्या एका भिक्खूचा हर्ष, हे सारे त्यांनी वगळले नाही. ज्या ग्रंथकाराने चमत्कारांची काटछाट केली, त्याने अश्रू मात्र राखले.

स्त्रियांविषयीही एक गोष्ट नोंदविण्यासारखी आहे. राजगृहाच्या पहिल्या संगीतीत स्थविरांनी आनंदावर जे आरोप ठेवले ते चुल्लवग्गात आहेत. त्यांतील एक असा की, भगवंतांच्या देहाचे पहिले दर्शन त्याने स्त्रियांना घडविले आणि त्यांच्या अश्रूंनी देह मलिन झाला. आनंदाने उत्तर दिले की, त्यांना अवेळ होऊ नये म्हणून आपण तसे केले, त्यात आपल्याला दोष दिसत नाही, तथापि स्थविरांवरील श्रद्धेपोटी आपण तो मान्य करतो. याच बैठकीत स्त्रियांना प्रव्रज्या मिळावी यासाठी खटपट केल्याचाही ठपका त्याच्यावर आला. अथेन्समध्ये जिन्यावरून निघून गेलेल्या बायका आणि कुसिनारेत सर्वांआधी देहाजवळ पोहोचलेल्या बायका, हे दोन प्रसंग आपल्या उपासिकांनी शेजारी ठेवून पाहावेत.

मृत्यू असा मानवी आकृतीत कोरण्याची परंपरा अजिंठ्यात सुरू झाली नाही. प्रारंभीच्या बौद्ध कलेत तथागतांची आकृतीच नाही. सांची आणि भारहुत येथे जन्म, बोधी, धम्मचक्रप्रवर्तन ही सारी चिन्हांनी दाखविली आणि परिनिर्वाण दाखविले स्तूपाने. या दृष्टीने आपल्या जिल्ह्यातील भोन हे ठिकाण फार मोलाचे आहे. संग्रामपूर तालुक्यात पूर्णेच्या काठी असलेल्या या गावी पुण्याच्या डेक्कन कॉलेजच्या संशोधकांनी २००२ पासून काही वर्षे उत्खनन केले आणि विटांनी बांधलेल्या प्राचीन स्तूपाचे अवशेष उजेडात आणले. अजिंठ्याच्या या शिल्पाच्या कित्येक शतके आधीची ही वास्तू. म्हणजे विदर्भातल्या पूर्णाकाठच्या उपासकांनी तथागतांचा मृत्यू पहिल्यांदा विटांत आठविला, मुखाकृतीविना. जिगाव प्रकल्पाच्या बुडीत क्षेत्रात हे स्थळ येते. त्याचे जतन व्हावे यासाठी जिल्ह्यातील बौद्ध जनतेने केलेली मागणी ही केवळ अस्मितेची नाही, हे त्यामुळे ध्यानात येईल.

गांधारात इसवी सनाच्या दुसऱ्या-तिसऱ्या शतकांत प्रथमच पहुडलेली आकृती विपुल प्रमाणात आली. तेथील शिल्पे नाट्यमय आहेत. मल्ल सरदार हात वर करून आक्रोश करतात, वज्रपाणी जमिनीवर कोसळतो, आणि या साऱ्या गोंधळात सुभद्द आपल्याकडे पाठ करून ध्यानस्थ बसलेला असतो. पाचव्या शतकात कुसिनारेला सहा मीटरांहून थोडी अधिक लांब मूर्ती घडविली गेली. हरिबलाने ती दान दिली आणि दिन्न नावाच्या शिल्पकाराने ती घडविली, असे तिच्यावरील लेखात आहे. शिल्पकाराचे नाव टिकून राहावे हे दुर्मीळ. १८७६ मध्ये कार्लाइल यांना ती भग्नावस्थेत सापडली. तिच्या बैठकीवर तीनच लहान आकृती आहेत, आणि त्यांतही शोक करणारी स्त्री आहे व हातावर डोके टेकून बसलेला भिक्खू आहे. गांधारचा आक्रोश आणि कुसिनारेची मितभाषी मांडणी यांच्यामध्ये अजिंठ्याचे शिल्प उभे आहे. शोक भरपूर, पण आवाज नाही.

युरोपची इतिहासचित्राची शिस्त आणि अजिंठा यांची गाठ एकोणिसाव्या शतकात प्रत्यक्षच पडली. मुंबईच्या जे. जे. कलाशाळेतील शिक्षक जॉन ग्रिफिथ्स हे १८७२ पासून आपल्या विद्यार्थ्यांसह लेण्यांत चित्रांच्या प्रतिकृती करीत होते. हे काम १८८५ पर्यंत चालले. त्यापूर्वी रॉबर्ट गिल यांनी केलेल्या बहुतेक प्रतिकृती १८६६ साली लंडनच्या क्रिस्टल पॅलेसला लागलेल्या आगीत जळाल्या होत्या, आणि ग्रिफिथ्सच्या प्रतिकृतींपैकीही बऱ्याच १८८५ च्या आगीत गेल्या. ग्रिफिथ्स ज्या चित्राने सर्वांत भारावले ते सोळाव्या लेण्यातील एका म्लान स्त्रीचे चित्र. त्याला ‘मरणोन्मुख राजकन्या’ हे नाव मिळाले आणि करुणरसाच्या बाबतीत फ्लॉरेन्स-व्हेनिसच्या चित्रकारांनाही यापुढे जाता आले नसते, अशा अर्थाची स्तुती त्यांनी केली. पुढील संशोधनाने दाखविले की ती स्त्री मरत नाही. ती नंदाची पत्नी सुंदरी होय. पती भिक्खू झाल्याची वार्ता ऐकून ती मूर्च्छित झाली आहे. अश्वघोषाच्या ‘सौंदरनंद’ काव्यामुळे ही कथा परिचित आहे.

केवढी ही विचित्र गोष्ट! अजिंठ्यात जी मरत नाही तिला शंभर वर्षे मरणोन्मुख म्हटले गेले, आणि ज्यांचे परिनिर्वाण झाले आहे त्यांना आपण झोपलेले म्हणतो. पहिली चूक परक्या संस्कारांनी केली. दुसरी मात्र आपली आहे, आणि ती दुरुस्त करणे आपल्या हाती आहे.

ती दुरुस्ती केवळ नावाची नाही. ‘महापरिनिर्वाण’ हा शब्द आपल्या ओठी रुळला तो ६ डिसेंबर १९५६ नंतर. नागपूरच्या धम्मदीक्षेनंतर अवघ्या ५३ दिवसांनी दिल्लीच्या २६, अलिपूर रोड येथील निवासस्थानी बाबासाहेबांचे निधन झाले. आदल्या रात्री त्यांनी आपल्या ग्रंथाच्या प्रास्ताविकाचे कागद जवळ मागवून घेतले होते. तो ग्रंथ त्यांच्या पश्चात १९५७ मध्ये प्रसिद्ध झाला. ७ डिसेंबरला दादरच्या चौपाटीवर अंत्यसंस्कार झाले. त्या ठिकाणी भदन्त आनंद कौसल्यायन यांच्या हस्ते हजारो शोकाकुल लोकांनी धम्मदीक्षा घेतली. चितेसमोर रडत असलेल्या माणसांनी त्याच जागी शरण आणि शील ग्रहण केले.

या प्रसंगाची दोन प्रकारची चित्रे आपल्याकडे प्रचलित आहेत. एक रंगीत, ज्यात बाबासाहेबांच्या मस्तकामागे प्रभावलय असते, वरून फुले पडतात आणि बाकी कोणीच नसते. दुसरी त्या दिवसाची काळीपांढरी छायाचित्रे, ज्यांत माणसांचा अथांग समुदाय आहे. रंगीत चित्रे भक्तीने काढलेली आहेत, त्यांना नावे ठेवण्याचा हेतू नाही. तरीही सव्विसाव्या लेण्याच्या शिल्पकाराशी खरे नाते सांगतात ती छायाचित्रेच, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. कारण त्यांत खालची रांग आहे. तथागतांनी उत्तराधिकारी नेमला नाही. माझ्यानंतर धम्म आणि विनय हाच तुमचा शास्ता, असे सांगितले. मग परिनिर्वाणानंतर धम्म कोणाच्या आधाराने उभा राहिला? मंचकाखाली बसलेल्या त्या लहान आकृतींच्या. त्यांच्यातीलच एकाने, रडून झाल्यावर, काही महिन्यांनी राजगृहात बसून ऐकलेले सारे म्हणून दाखविले. आनंदाची स्मृती नसती तर सुत्ते आपल्यापर्यंत पोहोचली नसती. शिल्पकाराने आनंदाला त्या रांगेत बसविले आणि आपण चित्र छापताना त्यालाच कापून टाकले.

म्हणून ज्या विहारात हे चित्र लावायचे असेल तेथे ते संपूर्ण लावावे. मुखाचे मोठे छायाचित्र सहज मिळते, पूर्ण शिल्पाचे थोडे शोधावे लागते, कारण सात मीटरांचे शिल्प खांबांच्या अडथळ्यातून एका चौकटीत घेणे छायाचित्रकाराला अवघड जाते. आडवे, लांबट चित्र मिळाले तर तेच घ्यावे. भिंतीवर जागा कमी असल्यास चित्र लहान करावे, पण कापू नये. आणि चित्राखाली ‘महापरिनिर्वाण, अजिंठा, लेणे क्रमांक २६, पाचवे शतक’ एवढेच लिहावे.

प्रत्यक्ष लेण्यात जाणाऱ्यांनीही तेथे थोडा वेळ काढावा. सव्विसावे लेणे रांगेच्या जवळजवळ शेवटी येते. तिथवर पोहोचेपर्यंत सहलीतील मंडळी थकलेली असतात आणि परतीच्या गाडीची घाई सुरू झालेली असते. मुखाकडे पाहून, हात जोडून, बहुतेक जण दोन मिनिटांत बाहेर पडतात. तसे न करता भिंतीपासून थोडे मागे सरकून खांबाजवळ जमिनीवर बसावे. उभे राहिल्यावर दृष्टी तथागतांच्या देहावर जाते. बसल्यावर ती खालच्या रांगेवर येते. अंधाराला डोळे सरावले की एकेक आकृती वेगळी दिसू लागते, प्रथम मस्तके, मग हात. ज्यांची पाठ आपल्याकडे आहे त्यांच्या मागे आपण बसलेले असतो.